गाडीचे उरलेले तीन तुकडे

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न परवावर आलं होतं आणि आमच्या घोडागाडीचे तीन तुकडे अंगणात उरले होते. आम्ही ठाण्यात, माहेर घोडबंदरच्या वाटेवर; तिकडे आगगाडी जात नव्हती. मामंजी कोर्टात कारकून. एका साहेबाची ही जुनी गाडी त्यांनी विकत घेतली होती आणि तिचा त्यांना कोण अभिमान! वंगण घालायचं म्हणून त्यांनीच ती सुटी केली, सुताराला बोलावून पुन्हा जोडली, तर एक लोखंडी पट्टी, एक लाकडी पाचर आणि एक कडी उरली.

"गाडी उभी हाय ना? मंग कशाला पायजेत?" सुतार म्हणाला.

"आणि वाटेत चाक निखळलं तर? गाडी नाही, तर जाणंही नाही," मामंजी म्हणाले. "भाड्याच्या बैलगाडीतून आमची सून जायची नाही."

खेळखंडोबा यांनी करायचा आणि बहिणीचं लग्न माझं चुकायचं! संतापाने मला रडूच फुटलं.

मामंजींशी थेट बोलायची रीत नव्हती. दाराआडून बघताना पट्टीवर लाल रेघ दिसली आणि मी डोळे पुसले. खंडेनवमीला गाडीची पूजा मीच केली होती. तेलात कालवलेल्या कुंकवाने तिच्या अंगभर स्वस्तिकं काढली होती.

पदर खोचला आणि सरळ अंगणात गेले. गाडीच्या पायरीजवळ अर्धंच स्वस्तिक होतं. पट्टी तिथे धरली, पुरं झालं. पाचरीला कुंकू नव्हतं, चहूबाजूंनी काळं वंगण होतं. म्हणजे ती आतली. गाडीचा सांगाडा आसावर डुगडुगत होता, तिथल्या फटीत सुताराने ती ठोकली आणि डुगडुग थांबली. कडीला मात्र कुंकूही नाही, वंगणही नाही.

"सासूबाई, ही गाडीची नव्हेच," मी मामंजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं.

"अगो बाई, ही तर पोहऱ्याची!" सासूबाई ओरडल्या. गाडी उचलून धरायला मामंजींनी विहिरीचा दोर कडीसकट नेला होता.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी घोडा स्वतः जुंपला.

माहेरी उतरले तेव्हा वडील धावत आले. "अगं, गाडी बिघडल्याचा निरोप होता! कोणी जोडली?"

मामंजी मागेच उभे होते.

"मी," म्हटलं, आणि मांडवात शिरले.