भाच्याचा फेटा आणि माझी मान

आमच्या नात्यात माणूस झुलत चालू लागला की रोग एकच असतो, बाटली. त्यामुळे माझे पाय अडखळू लागले, शर्टाची बटणं लावायला पाव तास जाऊ लागला आणि इडली चटणीपर्यंत पोचण्याआधीच बोटांतून सुटू लागली, तेव्हा निदानाला कुणालाच वेळ लागला नाही. थोरली अक्का तर मायेने जवळ येऊन चौकशी करायची आणि हळूच माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

तिची काळजी खरी होती. दोन महिन्यांवर तिच्या मुलाचं लग्न, आणि आमच्याकडे नवरदेवाचा फेटा मामानेच बांधायचा. बेंगळुरूत इतक्या पिढ्या काढून आम्ही बरंच काही विसरलो, हे नाही. आणि मामा एकुलता एक, तोही असा.

शेवटी तिनेच मला मणक्याच्या डॉक्टरांपुढे बसवलं. ते म्हणाले, "अण्णा, स्वल्प चालून दाखवा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, सरळ रेषेत."

तिसऱ्या पावलाला मी भिंत गाठली.

"सकाळीच घेतो हा," अक्का म्हणाली. निकाल लागल्यासारखी खूश होती.

डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप उडाला. मग मुठीची भराभर उघडझाप करायला लावली. माझी मूठ सरकारी खिडकीसारखी उघडत होती. एमआरआयच्या चित्रात सगळं दिसलं. मानेतली एक चकती मागे सरकून मज्जारज्जूवर बसली होती. सर्जापूर रोडवर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये असते तेवढीच जागा त्याला उरली होती.

"म्हणजे पीत नाही?" अक्काने विचारलं. "मी तर सगळ्यांना सांगून बसले."

डॉक्टर म्हणाले, "गळ्याच्या पुढून जाऊन चकती काढू, तिथे आधार बसवू. बिघाड थांबेल. बोटांतलं गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही."

"लग्नानंतर करू," मी उदारपणे म्हणालो.

"तोवर चमचाही सुटेल हातातून."

अक्काने माझ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी मान. फेटा उशिरा बांधला तर मुहूर्त थांबेल."

मुहूर्त थांबला नाही, भटजी मात्र थांबले. गळ्यात ऑपरेशननंतरचा पट्टा घालून मी पीळ देत होतो, बोटं निम्मंच ऐकत होती, आणि अक्का कापडाचं दुसरं टोक ताणून धरून उभी होती. नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. शेवटचा पदर तिसऱ्यांदा खोचला तेव्हा बसला.

मागून एक काका कुजबुजले, "हात बघा कसे कापतायत. सोडली वाटतं."

अक्काने कापड सोडलं, वळून बघितलं आणि म्हणाली, "हो, सोडली."

फेटा सप्तपदीपर्यंत टिकला. माझी अब्रू त्याच्या आधीच सुटली.