अबू फहदचे लावे

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीझरमधल्या पिशव्यांसारखे ते मागे मागे सरकत जातात आणि दुसरंच काही शोधताना हाताला लागतात. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये मला अकरा वर्षं झाली, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से अबू फहदच्या शिकारीचे आहेत.

अबू फहद आमच्या शिफ्टचा सीनियर ऑपरेटर. मोसम सुरू झाला की रीतसर परवाना काढून वीकेंडला वाळवंटात जातो आणि रविवारी ड्यूटीवर येताना आइसबॉक्स भरून लावे आणतो. पूर्वी नुसतेच वाटायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील गेले आणि आईचं जेवणच तुटलं. दिवसाला दोन खजूर आणि घोटभर ताक, बस. लावे तिच्या आवडीचे, म्हणून या मोसमात वाटताना त्याने अट घातली, "शिजवलं की एक डबा माझ्या घरी. कुणाच्या तरी हातचं ती खाईल."

त्याचा चेहरा बघून कोणी नाही म्हणालं नाही.

*

मी पहिल्यांदा लावे घरी आणले ते पिसांसकट. माझ्या बायकोने, मेधाने, पिशवी उघडली आणि लगेच बंद केली.

"अहो, हे बघताहेत माझ्याकडे."

मग आमच्या स्टोअरमधले हनीफभाई धावून आले. मूळचे दापोलीकडचे. "वहिनी, तुम्ही चहा ठेवा, मी बघतो," म्हणत हॉलमध्ये पेपर पसरून बसले. तासाभरात पिसांचा ढीग झाला. बिचारे घामाघूम झालेले दिसले म्हणून मी एसी फुल केला!

तेवढ्यात आमची सई शाळेतून आली. दारातच थांबून म्हणाली, "पापा, स्नो?"

सोफ्यातून अजून पिसं निघतात.

*

इन्स्ट्रुमेंटेशनचे कुलकर्णी पुण्याचे, त्यामुळे जेवायला बोलावलं की आधी शंका. "छर्रा दाताखाली आला तर?" असं विचारून ते थांबले नाहीत, वर्कशॉपमधून लोहचुंबक घेऊन आले. मेधाला बाजूला करून त्यांनी एकेक लावा दोन्ही बाजूंनी तपासला आणि "ऑल क्लिअर" म्हणून मगच फोडणी घालू दिली.

दुसऱ्याच घासाला कट्ट आवाज आला. कुलकर्ण्यांच्या दाढेची कॅप ताटात पडली.

हनीफभाईंनी शेजारचा छर्रा उचलून उजेडात धरला. "कुलकर्णीसाहेब, हा तर शिशाचा. लोहचुंबकाला काय चिकटणार?"

वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलेला माणूस नंतर फक्त डाळभात जेवला.

*

डबे मात्र जात राहिले. मेधाने पहिला केला काळ्या मसाल्यातला, अस्सल नाशिकचा. दुसऱ्या दिवशी अबू फहद म्हणाला की मुलांनी घरातलं सगळं पाणी संपवलं. आईने वास घेतला आणि ताट सरकवलं.

दुसरा डबा हनीफभाईंच्या घरून, नारळाच्या रसातला. या वेळी तिने चक्क एक घास खाल्ला. आम्ही कंट्रोल रूममध्ये कान टवकारले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, छान आहे. पाहुण्यांना वाढा."

तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. आई वाळत चालली होती. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी मेधाच म्हणाली, "डबे बास झाले. मी जाऊन त्यांनाच विचारते."

शुक्रवारी दुपारी गेलो. मी आणि अबू फहद पुरुषांच्या बैठकीत कॉफी पीत बसलो, मेधा आत. पुढचं सगळं तिने परतताना गाडीत सांगितलं.

अबू फहदच्या बायकोला इंग्लिश येतं, तिने दुभाषाचं काम केलं. मेधाने लाव्यांसाठी कांदा चिरायला घेतला तशी म्हातारी काठी टेकत स्वयंपाकघरात आली. म्हणे कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मेधाच्या हातातली सुरी काढून घेतली, स्टुलावर बसली आणि स्वतःच लावे शिजवले. वाळवलेलं लिंबू, थोडा भात, चिमूटभर मीठ. शिजेपर्यंत ती अरबीत बडबडत होती आणि मेधा मराठीत "हो, हो" करत होती.

मग तिने ताट वाढलं. चांगले दोन लावे निवडून त्यावर ठेवले, वर झाकण घातलं आणि बाजूला सरकवलं. आपल्यासाठी काहीच घेतलं नाही.

"हे त्याचं," ती म्हणाली. पन्नास वर्षं नवऱ्याचं ताट ती आधी काढून ठेवायची. सुनेने तेवढं सांगितलं आणि तोंड फिरवून रडायला लागली.

मेधाने ते ताट उचललं, म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं आणि मराठीतच म्हणाली, "आजी, त्यांचं राहिलंय. तुम्हीच संपवा."

सुनेने भाषांतर केलं नाही. म्हातारीने मेधाकडे एकदा बघितलं. मग तिने झाकण काढलं आणि जेवायला लागली. दोन्ही लावे, सगळा भात.

हात धुताना कुरकुरत सुनेला म्हणाली, "अळणी झालंय. पण त्याला मीठ चालायचं नाही."