काकूचा गल्ला आणि कार्डाचं मशीन

काकूला गल्ल्यावरून उठवायचं ठरत होतं, आणि दोष दिला जात होता तिच्या हातांना. हात थरथरतात, खरं आहे. ओरछा गेटजवळचं भांड्यांचं दुकान काका गेल्यापासून तीच चालवते. संगणकावर बिल एका बोटाने करते, पण चोख. अडतं ते पुढे. तीच रक्कम कार्डाच्या मशीनवर पुन्हा दाबायची, तिथली बटणं इवलीशी, आणि शून्य दोनदा पडतं. गिऱ्हाईक भडकतं. शेवटी दादा, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला, "आई, बस झालं. आता एकदा जरी चुकलं, तर उद्यापासून मी बसणार."

माझं डोकंच सणकलं. मशीन माणसाला कसं बाहेर ढकलतं, याची पत्रकं मी इलाइट चौराह्यावर वाटते. आणि इथे आमच्याच घरात तेच! "हात थरथरतात म्हणून माणूस बदलायचा? मशीन का नाही?"

"बदला ना, नेताजी," दादा म्हणाला. "पत्रक चिकटवा त्याच्यावर."

सकाळी दुकान उघडताच मी मशीनच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मशीन आपल्या सिमकार्डावर चालत होतं, संगणक दुकानाच्या वायफायवर. एकाच टेबलावर बसून दोघांचा अबोला! फोनवर सांगितलं तसं मी मशीनलाही वायफायवर घेतलं. त्याच्या पडद्यावर कोड उमटला, तो मी बिलाच्या प्रोग्राममध्ये भरला. जोडणी झाली.

फोनवरचे भैया म्हणाले, "मैडम जी, अब एक रुपये का पेमेंट करके कैंसल कर दीजिए. टेस्ट हो जाएगा."

मी माझं कार्ड काढलं. काकूने माझा हात धरला. "अजून बोहनी नाही झाली."

"काकू, एकच रुपया. लगेच परत येईल."

"तेच तर. दिवसाची पहिली कमाई परत करतात का गं?"

"आई, टेस्ट आहे!" काउंटरसमोरून दादा म्हणाला.

"लक्ष्मीची टेस्ट घेतोस? नाही. पहिलं गिऱ्हाईक येईल तेव्हाच बघू."

म्हणजे चुकलं तर गिऱ्हाइकासमोर चुकणार, आणि दादाच्याही समोर.

बरुआसागरहून एक बाई आल्या. मुलीच्या लग्नासाठी पितळी परात घेतली आणि कार्ड पुढे केलं. काकूने एका बोटाने बिल केलं, मग संगणकाचं एकच मोठं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मशीनचा पडदा उजळला. बिलावरचीच रक्कम, रुपये-पैशांसकट, कुणी न लिहिता तिथे उभी होती.

"अरे अम्मा, जौ तो अपनेई आप आ गओ!" आपोआप आलेला आकडा बघून बाई म्हणाल्या.

त्यांनी कार्ड लावलं, नंबर दाबला. पैसे मिळाल्याची बातमी रक्कम आली त्याच वाटेने संगणकाकडे परत गेली आणि प्रिंटरमधून बिल आपणहून छापून निघालं. कुठली तार नाही, कुणाचा हात नाही. मी मशीनला शिव्या देणारी मुलगी, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू? संगणक आणि मशीन यांच्यात वितभर अंतर होतं, आणि त्या अंतरात काकूची खुर्ची अडकली होती.

काकूने बिल फाडून कपाळाला लावलं आणि बाईंच्या हातात दिलं. दादा अजून काउंटरसमोरच उभा होता, मशीनकडे बघत.

"सरक रे," ती म्हणाली. "मागे गिऱ्हाईक उभं आहे."