बिरजूने दिलेली ओ

आमच्या दवनीवाड्यात कुणाला 'बाहेरचं' लागलं की लोक मला मुद्दाम बोलवत नाहीत... मी भांडतो म्हणून. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारा माणूस मी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. तेव्हा खालचं वाचून 'यालाही लागलं वाटतं' असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. घडलं ते लिहितो.

बिरजू माझा रूम पार्टनर. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आम्ही एक खोली घेऊन राहायचो. तो देवरीकडचा, जंगलाला लागून असलेल्या गावचा. दोघांचा गाइड एकच. माझा विषय धानाचे जुने वाण, त्याचा मोहाची झाडं. पोरगा लाख माणूस, पण एक खोड — पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही. "बिरजू, चहा झाला!" म्हटलं की ढिम्म. परत ओरडलं की मग, "हौ, आलो." मी त्याला व्हीआयपी म्हणायचो.

एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं जंगलात असंच राहते रे. मानूस दोनदा बलावते. एकदाच बलावते तो मानूस नसते. त्याले ओ देली का तो घेऊन जाते."

"अरे, हे फुलचूर आहे. इथे कसलं जंगल?"

"आता सवय पडली ना लेका," म्हणत तो हसला आणि चहा प्यायला लागला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गोंदियातच एका कॉलेजात कॉन्फरन्स होती. प्रत्येकाला दहा मिनिटं. आठव्या मिनिटाला घंटी, दहाव्याला माइक बंद. नाव पुकारल्यावर उठला नाही तर नंबर गेला आणि सर्टिफिकेटही गेलं. त्या एका सर्टिफिकेटवाचून आमच्या दोघांचे थिसिस अडून बसले होते. म्हणून मी सकाळीच अध्यक्ष सरांना गाठलं आणि सांगितलं, बिरजूचं नाव दोनदा घ्या, त्याला जरा कमी ऐकू येतं. हे कळल्यावर बिरजू पोट धरून हसला. "बहिरा करून टाकला ना बे मले!"

जेवणानंतरचं सत्र. एक मॅडम तलावांतल्या शेवाळावर बोलत होत्या. मी पुढे कोपऱ्यात, लॅपटॉपवाल्याजवळ उभा — माझी पीपीटी उघडत नव्हती, नुसता घाम फुटला होता. तेवढ्यात माझं नाव आलं. "यशवंत." अगदी स्पष्ट, एकदाच. मी वळेपर्यंत शेवटच्या रांगेत बिरजू ताडकन उभा राहिला होता, हात वर करून — "हौ सर, आहे! आहे! येऊन राहिला!"

माझा नंबर जाऊ नये म्हणून तो उठला होता. स्वतःच्या नावाला पहिल्या हाकेत कधी न दिलेली ओ त्याने माझ्या नावाला दिली.

मॅडम बोलता बोलता थांबल्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे भई, अभी मॅडम का चल रहा है. मैंने किसी को नहीं बुलाया." सगळा हॉल हसला. बिरजू मात्र हसत नव्हता. तो हळूच खाली बसला.

मी त्याच्याजवळ गेलो. "तुले आयकू आलं ना?" त्याने विचारलं.

"आलं ना. सरच असतील, माइक चालू राहिला असेल..."

"सर नोहोत. आवाज मांगून आला."

मलाही तो मागूनच आला होता. पण मी उभा होतो तिथे माझ्या मागे नुसती भिंत होती. हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढे दोघांचीही भाषणं झाली. अध्यक्षांनी आठवणीने त्याचं नाव दोनदा पुकारलं, आणि तो छान बोलला. सर्टिफिकेट घेऊन तो धान कापणीसाठी देवरीच्या बसमध्ये बसला. खिडकीतून हातही हलवला.

काही दिवसांतच त्याला तापाने फणफणलेला गोंदियाच्या दवाखान्यात आणला. मेंदूत चढलेला मलेरिया, डॉक्टर म्हणाले. डोळे मिटलेले, ओळख नाही. मधूनच ओठ हलायचे — "हौ... आहे... येऊन राहिलो..."

उशाशी त्याची आई बसली होती. मला म्हणाली, "कोनाले ओ देऊन राहिला रे बापा हा? म्या त बलावलंच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बिरजू गेला.

मला मलेरिया कळतो. डास त्याला कॉन्फरन्सच्या आधीच चावला असणार, हेही कळतं. नंतर मी कॉलेजकडून त्या सत्राचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. मॅडमचा आवाज येतो, मग बिरजू उठतो. मधे कुणीही काही बोलत नाही. मग आम्ही दोघांनी ऐकलं ते काय?

माझा थिसिस जमा झाला. अधूनमधून मी देवरीकडे बिरजूच्या आईला भेटायला जातो; मावशी म्हणतो मी तिला. त्या दिवशी हॉलमध्ये नाव माझं आलं होतं आणि ओ त्याने दिली, हे तिला अजून सांगितलेलं नाही. जेवण वाढलं की ती आतून हाक मारते, "यशवंता..." आणि थांबते. मी ओसरीवर मान खाली घालून बसून राहतो. मग ती पुन्हा हाक मारते, आणि मी उठतो. खरं कळल्यावर ती दुसऱ्यांदा हाक मारेल का, याची मला भीती वाटते.