चंदरमामांनी बिघडवलेला बँजो

चंदरमामा पांचाळांच्या दुकानात बँजो दुरुस्तीला नेला, की आधी त्यातून गुलाल निघायचा आणि मग मामांच्या तोंडून शिव्या. बँजो उलटा धरून ते वर्तमानपत्रावर असा ठोकायचे की आतला सगळा गुलाल भसाभस खाली. निळा पडला तर भीमजयंती, गुलाबी पडला तर गणपती, पिवळा भंडारा पडला तर कुठल्या तरी गावची खंडोबाची जत्रा. मग त्या कागदाची पुडी बांधून ते वाजवणाऱ्याच्या हातात द्यायचे. "घ्या, घरी जपून ठिवा. वाजवायची चीज हाय का गुलालाचं पोतं हाय वं हे?" बँजो पार्टीचे मिशा पिळणारे गडीसुद्धा त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहायचे.

दुकान म्हणजे उदगीरच्या स्टेशन रोडवरची पत्र्याची खोली. आत एकताऱ्या, किंगऱ्या, आराध्यांची चौंडकी अशी वाद्यं खिळ्यांना लटकलेली आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचा असा वास, की पहिल्यांदा जाणाऱ्याने नाकाला पदरच लावावा. पण मामांचं खरं प्रेम बँजोवर. लांबट लाकडी पेटी, वर तारा, टाईपरायटरसारखी बटणं. प्रत्येक बटण स्वतः दहा वेळा दाबून बघितल्याशिवाय ते वाद्य परत देत नसत. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "माझ्या दुकानातून खराब सूर भायेर जात न्हाई. मी जातो कधीमधी, बिडी वढायला."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. मुदखेडला रेल्वेत गँगमन होते आणि सुट्टी मिळाली की गायन पार्टीत बँजो वाजवायचे. बाबासाहेबांची गाणी म्हणत पार्टी गावोगाव फिरायची. निवृत्तीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी उदगीरला शिक्षिका, म्हणून आई-अण्णांना माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताला काही तरी काम द्या, हळूहळू सुधारेल. पण अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रबरी चेंडू दिला, तो फेकून दिला. हा माणूस असाच पडून पडून संपणार, अशी मला धास्ती बसली होती. मग मुदखेडच्या घरातून त्यांचा बँजो आणला आणि मामांकडे नेला.

निळा गुलाल निघाला, उंदराच्या लेंड्या निघाल्या आणि माझ्या वाट्याच्या शिव्याही निघाल्या. "बाई, तुम्ही लेकरं शिकवून ऱ्हायल्या, आन् घरातल्या चीजेचे हे हाल?" मी सगळी हकिगत सांगितली. ते एकदम नरमले. म्हणाले, "दोन हप्ते द्या. असा करतो की म्हातारा उठूनच बसंल."

दोन हप्त्यांनी बँजो हातात देताना मामा नुसते फुलले होते. "एक बटण पार जाम होतं बगा. खालची स्प्रिंग गंजून मेल्ती, कैक वर्सांपासून. आता पोपटावानी बोलतंय."

बँजो बघून अण्णा खरंच उठून बसले. आईने त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना रुमालाने नखी बांधली. डावा हात बटणांवर गेला, उजव्याने त्यांनी कशीबशी तार छेडली आणि जो काही किंचाळल्यासारखा आवाज निघाला! परत छेडली, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बँजो बाजूला ढकलला, भिंतीकडे वळले आणि रडायला लागले. माझ्या उभ्या आयुष्यात मी अण्णांना रडताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणसुद्धा निम्म्यावर आणलं.

मी तणतणत दुकानात गेले. "मामा, सूर बिघडलाय तुमच्या बँजोचा."

"माझ्या दुकानातनं गेलेला? बाई, तोंड सांभाळून बोला!" भर दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. रस्ताभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होते.

घरी येऊन त्यांनी आधी स्वतः वाजवला. एकही सूर चुकला नाही. "बगा!" म्हणाले. मग बँजो अण्णांपुढे ठेवला. "वाजवा, पावणं." अण्णा ढिम्म. मामांनी काही घाई केली नाही. मुदखेड जंक्शनच्या गप्पा काढल्या, कुठल्या गावच्या स्टेजवर माईक कसा बंद पडला ते सांगितलं. तासाभराने अण्णांचा हात आपोआप बँजोवर गेला. तार छेडली. पुन्हा तशीच किंचाळी. अण्णा हात मागे घेणार, तेवढ्यात मामा ओरडले, "हात उचलू नका! हाय तिथंच ठिवा!"

अण्णांची करंगळी त्या आधी जाम असलेल्या बटणावर टेकलेली होती. मामांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! ह्या माणसानं मेलेल्या बटणाचा टेकू घिऊन जिंदगी काढली, आन् मी शाण्यानं ते जित्तं करून ठिवलं!"

आमच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ते बटण कधी वाजतच नव्हतं, म्हणून अण्णा वर्षानुवर्षं त्यावर करंगळी ठेवून बाकीची बोटं चालवायचे. आता करंगळी टेकली की नको तो सूर वाजत होता. आणि अण्णांना वाटलं होतं, लकव्याने आपला धड असलेला डावा हातही गेला. मामांनी तो हात दोन्ही हातांत धरला. "पावणं, तुमचा हात एक नंबर हाय. बिघाड मी केला. कसम से."

मग त्यांनी पेटी उघडली, नवीकोरी स्प्रिंग काढून टाकली आणि बटणाखाली सरस लावून लाकडाची चिपाटी ठोकली. "पयल्यांदाच चालू बटण मारून ऱ्हायलो," असं पुटपुटत होते. सरस वाळेपर्यंत आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, वर ठेच्यात मीठ कमी असल्याचंही सांगितलं. अण्णांनी बँजो पुन्हा पुढ्यात घेतला. उजवा हात वाकडा चालत होता, लय पडत होती, पण गाणं ओळखू आलं. आई स्वयंपाकघरातून गुणगुणतच बाहेर आली. मामांनी उपरण्याने नाक पुसलं आणि मला म्हणाले, "धूळ लई हाय बाई तुमच्या घरात."

त्या दिवसापासून अण्णा रोज वाजवायला लागले. वाचा पूर्ण आली नाही, पण चहा हवा असला की बँजोवर दोनदा टंग करतात आणि उशीर झाला की टंग-टंग करून घर डोक्यावर घेतात. मामा मात्र पार बदलले. वाद्य घेऊन कुणी आलं की शिव्या देण्याआधी विचारायचे, "ह्यात तुमच्या कामाचं बिघडलेलं काय काय हाय?" लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

यंदा श्रावणात मामा गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि दारातच बसले, ते उठलेच नाहीत. दुकान आवरायला औशाहून त्यांची लेक आली, मीही मदतीला गेले. खिळ्यांवरच्या प्रत्येक वाद्याला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधलेली. अक्षर मामांचंच, कोंबडीचे पाय. एका एकतारीवर होतं, 'भोपळ्याला चीर हाय. बुजवायची न्हाई. बुवा अंगठा तिथंच ठिवतो.' एका किंगरीवर, 'खुंटी ढिली. ऱ्हाऊ द्या. गाताना पिळायची सवय हाय.' वाचता वाचता मला रडू आवरेना.

लेक बिचारी गोंधळून गेली होती. गिऱ्हाइकं बाहेर उभी होती. तिने विचारलं, "बाई, यातली दुरुस्त झालेली कोणती आणि राहिलेली कोणती, कसं कळायचं?"

मी म्हणाले, "सगळी झालेली आहेत. देऊन टाक."