शिंपीकाकांचा आवाज

माझी मावशी शिव्या खाण्याची नोकरी करते. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, ती स्वतःच अशी ओळख करून देते. आमच्या कंपनीत एक कार्टून मालिका बनते. मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहे आणि अजून संपायचं नाव घेत नाही. मालिका मोठ्यांसाठी आहे. तिच्यातल्या गावात दर आठवड्याला कोणीतरी फार वाईट तऱ्हेनं मरतं आणि पुढच्या आठवड्यात जसं काही झालंच नाही अशा थाटात चहा पीत बसलेलं दिसतं. तिथला डॉक्टर, पेशंट दगावला की फेरी फुकट जाऊ नये म्हणून नातेवाइकांना तपासून घेतो. अंत्यविधीचं सामान विकणारा ‘दोनावर एक मोफत’ अशी पाटी लावतो. पुष्कळांना हे आवडतं. ज्यांना आवडत नाही ते फोन करतात आणि तो फोन मावशी उचलते.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे. खिडकी नाही. एक टेबल, एक हेडफोन, आणि पाठीला उशी लावलेली खुर्ची, जिला कोणी हात लावायचा नाही. मी वरच्या मजल्यावर चित्रांत रंग भरते. ही नोकरी तिनंच लावून दिली, राहतेही तिच्याकडेच. त्यामुळे तिचे प्रेक्षक मला ऑफिसातही ऐकावे लागतात आणि घरी जेवतानाही.

एक बाई सांगायच्या, की त्यांचा मुलगा खेळण्यातल्या अस्वलाचं मृत्युपत्र करतोय. एक डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, तुमच्या डॉक्टरचं नाक माझ्यासारखं का काढलंय. (चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.) कोणी म्हणायचं, तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही का. आणि अर्धे फोन ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही, हल्ली फारच कमी मरतात’ असे. मावशी सगळ्यांचं शांतपणे ऐकते, मध्ये बोलत नाही. घरी मात्र माझं अर्धं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ देत नाही.

कोण काय म्हणालं हे दर शुक्रवारी लेखकांना सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. पूर्वी ती टाइप करून द्यायची, पण कागद कोणी वाचायचं नाही. एकदा मुख्य लेखक म्हणाला, “मावशी, तोंडीच सांगा.” त्याला आम्ही हेडमास्तर म्हणतो, कारण तो स्वतः कधी हसत नाही आणि दुसरं कोणी हसलं की घड्याळ बघतो. मावशीनं तोंडी सांगितलं आणि सांगता सांगता त्या बाईचा आवाज काढला, मग नाकवाल्या डॉक्टरचा. हेडमास्तर हसला. त्या दिवसापासून शुक्रवारची मीटिंग म्हणजे मावशीचा प्रयोग झाला. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे दाराशी उभे राहून ऐकायचे. बाकीचे सहा दिवस जिला कोणी विचारत नाही तिला एक दिवस टाळ्या मिळाल्या, तर ती नको कशाला म्हणेल? मीही वाजवल्यात.

शिंपीकाका तिचे सगळ्यात जुने प्रेक्षक. निवृत्त शिंपी. भाग दाखवला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. तक्रार दर वेळी एकच: मेलेल्यांची थट्टा करू नये. मग बघता कशाला, असं मावशीनं एकदा विचारलं, तर म्हणाले, “हिला रंग आवडतात.” ही म्हणजे काकू. बोलता बोलता काका रिसीव्हर तोंडापासून बाजूला करायचे आणि आतल्या खोलीकडे बघून विचारायचे, “आहेस ना गं?” आतून काकू म्हणायच्या, “आहे.” की पुन्हा तक्रार सुरू. पाच मिनिटांच्या फोनमध्ये हे तीन-चारदा व्हायचं. मावशीचा आवाज मुळातच जाड, त्यात काकांचा तो खणखणीत, थोडा ओढलेला सूर तिला इतका जमला होता, की मी डोळे मिटून ऐकलं तर मला समोर इंचपट्टी गळ्यात घातलेला माणूस दिसायचा.

मग हळूहळू आतून ‘आहे’ येईनासं झालं. काकूंना विसरायला होत होतं. आधी वस्तू, मग दिवस, मग माणसं. काका तरी विचारायचेच. मावशीनं हे मला सांगितलं होतं. लेखकांना मात्र सांगितलं नव्हतं. तिथं ती जुनाच प्रयोग करायची, कारण त्यालाच हशा पडायचा.

हेडमास्तरनं त्यावर भाग लिहिला. एक म्हातारा कुठल्याशा कचेरीत फोनवर तक्रार करतोय. वर्षं जातात, बाहेरची झाडं वाढतात, तक्रार कोणी नोंदवून घेत नाही. म्हातारा मधून मधून आत विचारतो, “आहेस ना गं?” शेवटी कॅमेरा आतल्या खोलीत जातो. तिथं खुर्चीत सांगाडा, मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर.

आमच्या कामात आधी कोणाच्याही आवाजात संवाद कच्चे भरून घेतात. त्यावर ओठ हलवायचे, चित्रं काढायची आणि शेवटी नटाला बोलावून खरा आवाज भरायचा. कच्चा आवाज मावशीनं दिला. पाच मिनिटांचं काम, नंतर पुसलंच जाणार, म्हणून तिनं फार विचार केला नाही. शेवटी नट आला, त्यानं तीन तऱ्हांनी बोलून पाहिलं आणि हेडमास्तर म्हणाला, “राहू द्या. मावशींचाच ठेवा.” नकार द्यायला मावशीला तोंड होतं. तिनं दिला नाही. त्या खुर्चीच्या कडेला पडलेली सावली मी स्वतः रंगवली, आणि छान जमली म्हणून खूश होते.

भाग तुफान चालला. मावशीच्या फोनवर आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाची रांग लागली. बसमध्ये कॉलेजची मुलं एकमेकांना “आहेस ना गं?” विचारून लोळत होती. भाजीवाल्यानं पिशवी भरता भरता बायकोला तसंच विचारलं आणि मावशी सुट्टे न घेताच चालू पडली.

शिंपीकाकांचा फोन मात्र आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मावशीचं जेवण कमी झालं. मी म्हटलं, “नंबर आहे ना तुझ्याकडे? मग लाव की.”

“आपण उलट फोन करायचा नाही, नियम आहे.”

“नियम कसले सांगतेस? भीती वाटते म्हण.”

“वाटते,” ती म्हणाली. “तो माणूस काकूंना शेजारी बसवून बघतो गं दर आठवड्याला. मी त्याच्या बायकोला मारलं आणि तेही त्याच्याच आवाजात.” मी ताटं उचलली.

काकांचा फोन आला तेव्हा मी योगायोगानं तिच्या खोलीत डबा द्यायला गेले होते. तिनं नंबर पाहिला आणि हेडफोन न घालता स्पीकरचं बटण दाबलं. एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती, असं नंतर म्हणाली.

“मी शिंपी बोलतोय.” आवाज मी ऐकलेल्या नकलेपेक्षा फारच बारीक होता, आणि मध्ये मध्ये फाटत होता.

“बोला काका.”

“तो म्हातारा... तो आवाज माझा होता.”

“हो.”

“कोणी काढला?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. “मी काढला, काका. माझं चुकलं. तुम्ही काय वाट्टेल ते बोला मला.”

मग ते म्हणाले, “चांगला काढलात.”

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

“ही माझ्याशी बोलत नाही आता,” काका सांगू लागले. “मी घरात आलो की नळ दुरुस्त करायला कोणी आलंय असं बघते. मी विचारतो, आहेस ना गं. उत्तर नाही. त्या दिवशी टीव्हीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, तर ही म्हणाली, आहे. स्पष्ट. मी शेजारीच होतो हो. पुन्हा विचारलं त्यानं, पुन्हा म्हणाली. पुढचं काही तिनं पाहिलं नाही, डोळा लागला होता तिचा. ते मी एकट्यानं पाहिलं.”

मावशीनं तोंडावर हात धरला होता.

“माझा आवाज तसा राहिला नाही आता. तुम्ही जुना काढलात. तोच तिच्या ओळखीचा आहे.” मग ते म्हणाले, “म्हणून इतके दिवस फोन करू की नको, करू की नको, असं चाललं होतं. मी रिसीव्हर हिच्या कानाशी धरतो. तुम्ही एकदा म्हणाल का?”

मावशीनं इतक्या वर्षांत हजार वेळा तो आवाज काढला असेल. आता तिला तो सापडेना. पाणी पिऊन तिनं घसा साफ केला, डोळे मिटले आणि विचारलं, “आहेस ना गं?”

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

“आहे,” काकू म्हणाल्या. मग जरा रागानं, “कुठे होता इतके दिवस?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, जणू याचं उत्तर मला ठाऊक असेल. रिसीव्हर खरखरला आणि लांबून काकांचा खरा, बारीक आवाज आला: “इथेच होतो.” त्याला काकू काही बोलल्या नाहीत. काकांनी तेच पुन्हा म्हणून पाहिलं. मग ते फोनवर आले. “पुढच्या आठवड्यात याच वेळी करू का?”

“करा,” मावशी म्हणाली.

फोन ठेवून तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. “चार शिव्या घालायला हव्या होत्या गं त्यांनी. ते माझं कामच आहे. याचं काय करू मी आता?”

शुक्रवारी मीटिंगला दाराशी नेहमीची गर्दी होती. मावशीनं सगळ्या तक्रारी सपाट आवाजात, कागदावर बघून वाचल्या. हेडमास्तर म्हणाला, “आणि आपले शिंपीकाका? त्यांना भाग कसा वाटला? करून दाखवा की.”

मावशीनं कागदाची घडी घातली.

“त्यांची काही तक्रार नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या खोलीत निघून गेली.