गिटारची हिरडी

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. पुढच्या खोलीतले पडदे धुतले. कात्री सापडत नाही. भाऊजींनी गिटार दुरुस्त केली. घरभर दवाखान्याचा वास. गिटारची वायर निघत नाही.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि आतल्या खोलीकडे कान दिला. आतून जोर लावून कण्हल्याचा आवाज येत होता. मग काहीतरी धप्पकन पडलं. मग हाक आली, "वहिनी, जरा येता का? एका माणसाचं काम नाही हे."

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. यजमान गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "तोंडं बघण्यातच जन्म गेला, पसंत करायला सवड कुठे मिळाली?" ते खोटंही नव्हतं. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. गल्लीतली पोरं त्यांना कवळीकाका म्हणत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, तर भाऊजी चेहरा सोडून दातच निरखत आणि माणूस पुढे गेला की वहिनींच्या कानाशी लागत, "वरची आपली. खालची दुसऱ्या कुणाची तरी. दिसतंच आहे ते!"

काम सुटलं आणि घरातल्या वस्तूंचे ग्रह फिरले. भाऊजींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, पक्क्या आणि हलणाऱ्या. हलणारी दिसली की यांचे हात शिवशिवत. कढईचा कान त्यांनी असा आवळला की कढई आचेवर तिरकी बसू लागली. वहिनींच्या चष्म्याच्या काड्या अशा घट्ट केल्या की चष्मा मिटेचना. बरेच दिवस तो टेबलावर पाय पसरून बसलेला असे.

तेवढ्यात शेजारचा मुलगा परगावी नोकरीला निघाला आणि जाता जाता आपली लाल इलेक्ट्रिक गिटार भाऊजींच्या गळ्यात मारून गेला. तिचं एकही अंग धड नव्हतं, आणि म्हणूनच भाऊजींचा जीव तिच्यावर जडला. पट्टा अडकवायच्या बटणाचा स्क्रू भोकात नुसता फिरायचा. भाऊजींनी भोकात गोंद लावून आगकाड्या ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा पिळला. तारांच्या खुंट्यांचे स्क्रू सैल पडत. त्यांवर भाची विसरून गेलेल्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. आवाज कमीजास्त करायची चकती हातात यायची. तिच्या आत कागदाची सुरळी सारली. मग कुठे वाजवायला शिकले. मग ज्येष्ठ मंडळाच्या वाद्यवृंदात शिरले आणि दर गुरुवारी तालमीला जाऊ लागले.

गुरुवार हा वहिनींचा सुखाचा दिवस. त्या दिवशी घरात कुणी काही आवळत नसे. पण तेवढंच नव्हतं. नोकरी सुटल्यावर वर्षभर, हाताशी आवळायला काही नसलं की भाऊजी खिडकीशी बसून आपल्याच बोटांकडे बघत राहायचे. आता ते आंघोळ करताना शीळ घालत. ही शीळ वहिनींना मोलाची वाटे, जरी ती बेसूर असली तरी.

आणि आता त्या शिळेवरच गदा आली होती. गेल्या गुरुवारी ऐन गाण्यात गिटार खर्रर्र करून गप्प झाली. वाद्यवृंदाचे म्होरके म्हणजे ड्रम वाजवणारे, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

"कवळ्या, ही गिटार आहे की घसा बसलेला कावळा?"

"जॅक सैल आहे जरा. वायर खुपसतो ना, ते भोक. आवळतो मी."

"तीन आठवडे आवळतोयस! आता तालीम नाही, पुढच्या शुक्रवारी थेट वार्षिक कार्यक्रम आहे. एकदा जरी खरखर झाली ना, तर पुढच्या महिन्यापासून माझा जावई. त्याच्या कीबोर्डवर एक बटण दाबलं की गिटार वाजते. पक्कं बसव ते, नाहीतर घरी बस."

म्हणून मंगळवारी भाऊजींनी ते पक्कं बसवलं.

वहिनी आतल्या खोलीत गेल्या तेव्हा गिटार जमिनीवर होती, भाऊजी तिच्याशेजारी होते, आणि गिटारच्या कडेला, वायर शिरते तिथे, एक गुबगुबीत गुलाबी हिरडी उगवली होती. अगदी खऱ्यासारखी. नवा दात फुटेल असं वाटावं.

"धरा," भाऊजी म्हणाले.

"काय धरू?"

"रुग्ण."

वहिनींनी गिटार पोटाशी कवटाळली. भाऊजींनी वायर दोन्ही हातांत धरली, पाय कपाटाला टेकवला आणि दातओठ खाऊन ओढली. वहिनी गिटारसकट चार पावलं पुढे आल्या. वायर जागची हलली नाही.

"कवळीचा मसाला भरलात होय?" वहिनींनी धापा टाकत विचारलं.

"उरलेला होता डब्यात. म्हटलं, आवळून दोन गाण्यांत सैल पडतं, तर हिरडीच करून टाकू."

"ते समजलं. पण वायर आत ठेवून कशाला केलीत?"

"अहो, कवळी बसवताना आपण माणसाला काय सांगतो? दात मिटा आणि धरून ठेवा. उघड्या तोंडात बसवली तर चावताना वाकडी नाही का होणार?"

"पण माणूस नंतर तोंड उघडतो, भाऊजी."

भाऊजींनी हिरडीवर नखाने टिचकी मारून बघितली. मग हळूच म्हणाले, "पिन धातूची, तिला मसाला धरत नाही. पण तिची मूठ प्लास्टिकची निघाली. मसाला आणि प्लास्टिक म्हणजे सख्खे भाऊ."

"म्हणजे दातखीळ बसली हिची."

"बसली. आणि माझ्या हातची आहे, सुटायची नाही." एवढ्या संकटातही त्यांचा ऊर जरा फुगलाच.

"फोडून काढा."

"फोडताना आतल्या तारा तुटल्या, तर शुक्रवारी काय वाजवू? टाळ्या?"

भाऊजींनी गिटार वाजवून बघितली. खरखर नव्हती. मनासारखं झालं होतं, फक्त जास्त झालं होतं.

शुक्रवारी दुपारी दोघं हॉलकडे निघाली. गिटारची पिशवी मिटेना, शेपूट बाहेरच. म्हणून पुढे भाऊजी पाठीला गिटार लावून आणि मागे वहिनी वायरचं वेटोळं हातात घेऊन. वहिनींनी दिराला दोरी बांधून फिरायला काढलंय असंच कुणालाही वाटलं असतं. समोरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडलीच, "वहिनी, सोडू नका हं! गर्दीत हरवतील!"

हॉलमध्ये नवीच आफत. विजेचं बटण रंगमंचाच्या पार मागे, म्हणून गिटारचा स्पीकर तिथेच एका खुर्चीवर ठेवलेला. घरची वायर आखूड. भाऊजी जेमतेम ड्रमपर्यंत पोचले आणि थांबले.

"पुढे ये की, कवळ्या! लाजऱ्या नवरीसारखा मागे काय उभा?"

"वायर पुरत नाही."

"मंडळाची लांब वायर आहे ना, ती लाव."

"ही निघत नाही."

"वायर निघत नाही म्हणजे?"

"पक्की बसवलीय. तूच म्हणालास."

पोस्टमास्तरांनी हिरडी बघितली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली. "हे काय हसतंय माझ्याकडे बघून?" पण पडदा उघडायची वेळ झाली होती.

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. गाणं कुठलं, कोण गातंय, त्यांना काही कळत नव्हतं. त्या फक्त खरखर ऐकू येते का याकडे कान लावून होत्या. दोन गाणी सुरळीत गेली. तिसऱ्यात गाणाऱ्या बाईंच्या माईकचा दांडा कलला. बाजूला कीबोर्ड काखेत घेऊन टपलेले जावई मदतीला धावले आणि त्यांचा पाय वायरीत अडकला.

एरवी अशा वेळी पिन निसटते, मोठा आवाज होतो आणि गिटार बंद पडते. इथे पिन निसटली नाही. जे निसटत नाही ते ओढलं जातं. पट्ट्याच्या बटणातल्या आगकाड्यांनीही इमान राखलं. गिटार मागे गेली आणि तिच्या पाठोपाठ भाऊजी उलट्या पावलांनी मागे मागे जात पोस्टमास्तरांच्या मांडीवर विराजमान झाले.

बोटं मात्र थांबली नाहीत. पोस्टमास्तरही जुनं खोड. त्यांनी भाऊजींच्या दोन्ही बाजूंनी हात काढले आणि ठेका चालू ठेवला. जावई कीबोर्ड पोटाशी धरून जमिनीवर बसून होते. प्रेक्षकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा बसा!"

कार्यक्रम संपल्यावर पोस्टमास्तर गुडघे चोळत वहिनींपाशी आले. भाऊजी मागे उभे राहून वायर गुंडाळत होते. मान वर करत नव्हते.

"खरखर झाली नाही," पोस्टमास्तर नाइलाजाने म्हणाले. "मांडी गेली माझी, पण खरखर नाही झाली. शब्द तो शब्द, जागा त्याची त्याला. पण हे शेपटाचं जनावर पुन्हा इथे नको. गिटार हलत नसेल तर तालमीला आम्ही हलू. वहिनी, तुमची पुढची खोली केवढी आहे हो?"

वहिनींच्या डोळ्यांपुढून त्यांचा शांत गुरुवार हात हलवत निघून गेला. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. वायर केव्हाच गुंडाळून झाली होती. ते ती सोडवून पुन्हा गुंडाळत होते.

"तुमचे ड्रम मावतील," वहिनी म्हणाल्या. "जावई मावायचे नाहीत."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दिवसभर कोरडं. मंडळाचा कार्यक्रम झाला. भाऊजींची जागा राहिली. परत आल्यावर पुढच्या खोलीतला सोफा आत हलवला. त्याच्याखाली कात्री सापडली.